डब्यातला साहेब आणि डब्यात नसलेली बाई

१८९३ साल. नागपूरहून राजनांदगावला निघालेली गाडी. डब्यात ३१ वर्षांचा एक ब्राह्मण, संस्कृतात मुरलेला, मराठीत कविता करणारा, नोकरी बघायला निघालेला. त्याच डब्यात एक गोरा साहेब. ओळखपाळख काहीच नाही. साहेब अदबीने वागतो. बोलणं निघतं संस्कृत काव्यावरून, दोघांनाही त्यात गोडी आहे. मग विषय हळूहळू धर्माकडे सरकतो. निरोप घेण्याआधी साहेब बायबलातल्या नव्या कराराची एक प्रत त्याच्या हातात ठेवतो, ती वाचण्याचं वचन घेतो, आणि वर सांगतो, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्या प्रवाशाचा बाप्तिस्मा झाला. हे नारायण वामन टिळक. रेव्हरंड टिळक, ‘क्षणोक्षणी पडे, उठे, परि बळे’ शाळेत पाठ केलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचे.

अनोळखी माणसाशी आपल्या श्रद्धेबद्दल बोलावं का, बोललं तर कसं, हा विषय निघाला की मला हाच प्रसंग आठवतो. ख्रिस्ती मंडळी तो चमत्कारासारखा सांगतात, आणि उलट बाजूची माणसं गोऱ्या साहेबाच्या कावेबाजपणाचा नमुना म्हणून. दोन्ही सांगण्यांत माणसं दोनच असतात. माझ्या मते तिथे तिसरं माणूसही होतं. डब्यात नव्हतं एवढंच.

डबा

आधी जागा बघू. नागपूर ते राजनांदगाव हे अंतर सुमारे दीडशे मैलांचं. १८९३ मध्ये हा मार्ग बंगाल-नागपूर रेल्वेच्या ताब्यात होता, आणि त्या काळच्या वेगाने एवढं अंतर म्हणजे दिवसातले चांगले काही तास. कचेरीत साहेब बसलेला आणि नेटिव उभा. रस्त्यात साहेब घोड्यावर किंवा बग्गीत. मिशनच्या बंगल्यावर जायचं तर गावभर चर्चा. ब्राह्मण आणि गोरा माणूस शेजारी बसून, तिसऱ्या कुणाच्या नजरेखाली न राहता, तासन् तास बोलू शकतील अशी दुसरी जागा त्या काळात शोधून सापडायची नाही. आगगाडीने माणसांना गावाच्या डोळ्याआड केलं. विटाळ-चांडाळाच्या गोष्टी त्या डब्यात ढिल्या पडल्या, हे आपण वाचत आलोच आहोत. पण मनातलं परक्याजवळ बोलण्याची मोकळीक मिळाली, ही गोष्ट तितकीच मोठी.

शिवाय डब्यातल्या बोलण्याला शेवट असतो. स्टेशन आलं की संपलं. दारावर पुस्तकं घेऊन आलेल्या माणसाचं तसं नसतं. तिथे उतरून जाता येत नाही, कारण घर आपलंच असतं. आपण दार धरून उभे, आत दूध उतू चाललेलं, आणि समोरचा माणूस तिसरं पान उलटतोय. डब्यात ऐकणाऱ्याला सुटायची वाट आयती होती.

आता माणूस. टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. नाशिकला गणेशशास्त्री लेल्यांकडे त्यांचं संस्कृत शिक्षण झालं. एका जागी टिकणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. नोकऱ्या धरल्या, सोडल्या, गावं बदलली, घरात न सांगता निघून गेले, परत आले. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथांचं काम केलं, ‘ऋषि’ नावाचं धर्मचर्चेचं मासिक चालवलं. त्या सुमाराला त्यांच्या मनात स्वतःचाच एक धर्म आकार घेत होता. देव एक आणि तो पित्यासारखा, माणसं सगळी भावंडं, जातिभेद खोटा, मूर्तिपूजा नको, भक्ती हाच मार्ग. हे सगळं गाडीत चढण्याआधीचं आहे.

म्हणजे साहेबाने कोऱ्या पाटीवर काही लिहिलं नाही. पाटी आधीच भरलेली होती, पुसून पुन्हा लिहिली जात होती. अशा माणसाला वादात हरवणं कठीण, आणि हरवलं असतं तरी उपयोग नव्हता.

वाद नाही, वचन

इथे साहेबाचं वेगळेपण दिसतं. महाराष्ट्रात ख्रिस्ती प्रचाराची रीत तोवर बरीचशी वादाची होती. डॉ. जॉन विल्सन १८३० च्या दशकात मुंबईत शास्त्र्यांशी जाहीर वाद करत होते. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांना उत्तरं देत होते आणि ऐकायला गर्दी लोटत होती. जॉर्ज बोवेन हे अमेरिकन पाद्री त्या वादातले प्रमुख. वाद रंगत असणार यात शंका नाही. पण चारचौघांत उभं राहून कुणी ‘तुमचं पटलं बुवा’ म्हणत नाही. वादात एकाला पडावं लागतं, आणि पडलेला माणूस घरी जाऊन नवी उत्तरं जुळवतो.

गाडीतल्या साहेबाने काव्यापासून सुरुवात केली. ज्या गोष्टीत टिळक त्याच्याहून सरस होते तिथून. हा डावपेच होता की खरी आवड, हे प्रश्न मला फारसे महत्त्वाचे वाटत नाहीत, कारण आवड नसलेल्या माणसाशी टिळक काव्यावर दहा मिनिटंही बोलले नसते. मग त्याने पुस्तक दिलं आणि मागितलं काय, तर फक्त वाचाल का. मानाल का असं विचारलंच नाही. मागणी इतकी लहान की नाही म्हणायला कारण सापडत नाही, आणि दिलेला शब्द पाळायची सवय असलेल्या माणसाला ती टाळताही येत नाही.

टिळकांनी पुढे सांगितलं आहे की पुस्तक वाचायला घेतलं तेव्हा त्यांना ते काही विशेष वाटलं नव्हतं. वचन दिलं म्हणून ते पुढे वाचत राहिले. मग मत्तयाच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय आला. पाच, सहा, सात या तीन अध्यायांना मराठी ख्रिस्ती ‘डोंगरावरील प्रवचन’ म्हणतात. तिथे ते थांबले, आणि मग त्यांना तिथून हलवेना. ज्या प्रश्नांनी त्यांना छळलं होतं त्यांची उत्तरं त्यांना तिथे मिळाल्यासारखी वाटली.

त्या क्षणी साहेब डब्यात नव्हता, आसपासही नव्हता. समजा तो बरोबर असता आणि रोज विचारत असता, ‘काय टिळक, कुठवर आलं?’ टिळकांचा स्वभाव बघता त्यांनी चौथ्या अध्यायातच पुस्तक बंद केलं असतं, असं मला राहून राहून वाटतं. राजनांदगावला नोकरी मिळाली, त्या गावी राहून वाचन आणि ख्रिस्ती मंडळींशी पत्रव्यवहार चालू राहिला. गंमत म्हणजे राजनांदगाव संस्थानाची गादी बैरागी महंतांची, वैष्णवांची. राजे बलरामदासांच्या त्या गावात एक ब्राह्मण बायबलाच्या तीन अध्यायांवर अडकून बसला होता.

साहेब कोण होता? फ्री मेथडिस्ट मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड यांचं नाव या संदर्भात घेतलं जातं. पण गोष्ट सांगताना तो बहुतेक वेळा बिननावाचाच राहतो, आणि मला ते योग्य वाटतं. नाव लागलं की मागोमाग संस्था येते, अहवाल येतो, आकडा येतो.

ते भाकीत

आता मला खटकणारी गोष्ट. ‘दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल’ हे कशाला? पुस्तक दिलं, वचन घेतलं, पुरे होतं. भाकीत केलं की समोरच्याच्या मनात एक तारीख पेरली जाते. शंकेखोर माणूस ती खोटी पाडायला धडपडतो, भाविक माणूस खरी करायला. दोन्ही वेळा निर्णय पूर्णपणे त्याचा राहत नाही.

आणि हे भाकीत आपल्याला माहीत आहे कारण ते खरं ठरलं. त्या काळात आगगाड्यांतून, बाजारांतून, जत्रांतून किती पुस्तिका वाटल्या गेल्या असतील! त्यातल्या किती खिडकीबाहेर गेल्या, किती शेंगदाण्यांच्या पुड्या झाल्या, किती फळीवर धूळ खात पडल्या? त्यांच्या आठवणी कुणी लिहिल्या नाहीत. टिळकांची गोष्ट ऐकून ‘एका पुस्तकाने काय होतं बघा’ म्हणणारा माणूस एकाच तिकिटाला लॉटरी लागलेली बघून तिकिटं घ्यायला निघालेला असतो.

सत्तेचा मुद्दाही सोडता येत नाही. साहेब कितीही अदबशीर असला तरी राज्य त्याच्या लोकांचं होतं. त्या अदबीला जे मोल आलं ते तिच्या दुर्मिळपणामुळे. डब्यातला दुसरा प्रवासी सातारचा कुणी भजनी शेतकरी असता आणि त्याने तितक्याच प्रेमाने तुकोबांची गाथा दिली असती, तर टिळकांनी हसून नमस्कार केला असता, पण रात्रभर विचार केला असता का? कोण जाणे. अर्थात हेही खरं की साहेबाकडून टिळकांना मिळण्यासारखं काही नव्हतं. नोकरी त्याच्या हातात नव्हती, अन्न त्याच्या घरचं नव्हतं.

त्याच वर्षी पुण्यात नेमकं याच्या उलट प्रकरण पेटलं होतं. पंडिता रमाबाईंचं शारदासदन, म्हणजे विधवांसाठीची निवासी शाळा, १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे, आणि काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून गदारोळ झाला, केसरीने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावलं नाही, दार फक्त उघडं ठेवलं. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, आणि बालविधवांसाठी दुसरं कोण काय करत होतं हेही ठाऊक आहे. तरी उघडं दार कुणाचं आहे हे बघावं लागतं. ज्या घरात मुलगी जेवते, शिकते, जिथून बाहेर पडली तर तिला जायला जागा नाही, त्या घरातलं उघडं दार आणि आगगाडीच्या डब्यातलं दार, दोन्ही दारंच. फरक एवढाच की डब्यातल्याला पुढच्या स्टेशनावर उतरता येतं.

डब्यात नसलेली बाई

हे सगळं साहेब आणि टिळक या दोघांचं झालं. आता लक्ष्मीबाई.

१८६८ चा जन्म, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, लग्नानंतर लक्ष्मीबाई. माहेरी सोवळ्याचा कहर. नवऱ्याने जेमतेम लिहा-वाचायला शिकवलेलं. मुलगा दत्तू लहान, १८९१ चा. नवरा गाडीत बसला तेव्हा ती बरोबर नव्हती. वचन दिलं गेलं ते तिला विचारून नव्हे. तीन अध्यायांनी नवऱ्याची झोप उडाली त्याची कल्पना तिला नव्हती. बाप्तिस्म्याची बातमी आली तेव्हा तिच्या पायाखालून जमीन सरकली. सगळ्या नातेवाइकांच्या लेखी ती नवरा असून नसलेली झाली. सौभाग्यवती म्हणायचं की नाही, ताटाला ताट लावायचं की नाही, असे प्रश्न घराघरांत. पुढची काही वर्षं तिने मुलाला घेऊन नात्यातल्या माणसांच्या आधाराने काढली, काही काळ पंढरपुरात. विठोबाच्या गावात. हे सगळं तिने उतारवयात ‘स्मृतिचित्रे’त लिहिलं, १९३० च्या दशकात, आणि असं लिहिलं की वाचणारा हसता हसता एकदम गप्प होतो.

कायदा काय म्हणत होता तेही बघण्यासारखं आहे. १८६६ च्या कायद्याप्रमाणे, ख्रिस्ती झाल्यामुळे जोडीदाराने सलग सहा महिने टाकलं, तर धर्म बदललेल्या माणसाला कोर्टात जाता येई, आणि शेवटी लग्न मोडूनही मिळे. म्हणजे टिळकांना दुसरं लग्न करायची वाट सरकारनेच आखून दिली होती. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. पत्रं लिहीत राहिले, कविता लिहीत राहिले. शेवटी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे अहमदनगरला आल्या त्या स्वतःच्या अटींवर. सोवळं सुटलेलं नव्हतं, चूल वेगळी, पाणी वेगळं. ज्या माणसाला अनोळखी साहेबाच्या शब्दाखातर एक पुस्तक पुरं वाचायचा धीर होता, त्याला बायकोच्या वेगळ्या चुलीशेजारी राहायचाही धीर निघाला. हे मला त्या बाप्तिस्म्याहून मोठं वाटतं. पण त्या धीराची किंमत तिने आधी भरली होती, हे विसरायचं नाही.

पुढे जात ही माणसाने केलेली आहे, देवाने नाही, हा उलगडा लक्ष्मीबाईंना त्यांचा त्यांनाच झाला. राहुरीला राहत असताना, स्वतःच्या विचाराने, आणि मग त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. त्यांना कुणी डब्यात गाठलं नव्हतं, वचन घेतलं नव्हतं, तारीख दिली नव्हती.

अनोळखी माणसाशी श्रद्धेबद्दल बोलणारा समोरच्या एकट्याशीच बोलत असतो. तो एकटा नसतो. त्याच्या मागे एक घर असतं, आणि आपल्याकडे धर्म हा त्या घराचा मामला असतो: स्वयंपाक, सण, मुलांची लग्नं, मेल्यावर खांदा कोण देणार. साहेब ज्या मुलखातून आला तिथे धर्म माणसाच्या मनात बसवता येत असेल. इथे तो माजघरात बसतो. साहेबाने काव्य विचारलं, मत विचारलं. घरी कोण कोण असतं हे मात्र विचारल्याचं कुठे येत नाही. आपल्याकडे गाडीत शेजारी बसलेली म्हातारी हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारते.

आणि ती म्हातारीही आपला धर्म सांगतच असते, फक्त आपण त्याला प्रचार म्हणत नाही. ‘एकदा शेगावला जाऊन या.’ ‘गुरुवार करून बघा, मी सांगते.’ ‘माळ घाला, सुटेल सगळं.’ मुंबईच्या लोकलमध्ये टाळ घेऊन चढणारी भजनी मंडळी डब्यातल्या कुणाचीही परवानगी विचारत नाहीत. कुणी चिडतं, बहुतेक जण ताल धरतात. घर मोडत नाही म्हणून ते खपतं. आहे त्यातच एक देव वाढतो, चूल तीच राहते. टिळकांच्या प्रकरणात चूल बदलली.

त्याच रुळावर पुढे

राजनांदगावच्या पुढे त्याच मार्गावर रायपूर लागतं. तेव्हाच्या रायपूर जिल्ह्यातल्या बलोदाबाजारच्या एका पाद्र्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्याचा निकाल लागला: घटनेच्या कलम २५ ने दिलेला प्रचाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. ‘प्रचार’ हा शब्द घटनेत ठेवावा की नाही यावर संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये चांगलीच खडाजंगी झाली होती. त्या चर्चेत टी. टी. कृष्णम्माचारींनी सांगितलं होतं की चौदा वर्षं आपण ख्रिस्ती संस्थांत शिकलो आणि आपल्याला बाटवायचा प्रयत्न कुणी केला नाही.

निकालाची रेघ डब्यातल्या प्रसंगावर लावून बघितली तर पुस्तक आणि बोलणं अलीकडे पडतं. भाकीत रेघेवर उभं राहतं. लक्ष्मीबाई मात्र रेघेच्या कुठल्याच बाजूला सापडत नाहीत. कायदा विचारतो की सांगणाऱ्याने जबरदस्ती केली का, लालूच दाखवली का. नाही केली. तरी एका बाईचं घर काही वर्षं उधळलं गेलं, आणि त्यासाठी कुणाला दोषी धरावं याचं उत्तर कुठल्याच कलमात नाही. मलाही ते देता आलेलं नाही.

टिळकांनी स्वतः पुढे कसं सांगितलं? साहेबासारखं नाही. त्यांनी टाळ घेतला. ख्रिस्ती कीर्तनं केली, अभंग लिहिले, आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. बाप्तिस्माही त्यांनी हट्टाने भारतीय पाळकाच्या हातून घेतला होता. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे ठोंबरे नावाचा पोरगेलासा कवी भेटला. तो पुढे त्यांच्याच घरी अहमदनगरला राहिला. हे बालकवी. ते टिळकांच्या घरात जेवले, लक्ष्मीबाईंच्या मायेत वाढले, आणि हिंदूच राहिले. १९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, सातारला ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा ठेवली. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ ला, ते मुंबईत वारले.

त्यांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं होतं. दहा-अकरा अध्यायांवर ते थांबलं. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.